डॉ. बाबासाहेब आंबेडकर : समाजशास्त्राकडून समाजसमीक्षेकडे



मागील घटकात आपण महात्मा जोतीराव फुले यांच्या गद्याचा परिचय करून घेतला. १८७३ साली प्रसिद्ध झालेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक फुल्यांनी गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते, हे आपल्या स्मरणात असेल. फुले स्वतः अमेरिकेला कधी गेले नाहीत. तो देश त्यांना टॉमस पेनच्या ग्रंथांतून आणि वाचनात आलेल्या इतिहासातून भेटला. पुढे चाळीस वर्षांनी, १९१३ च्या जुलै महिन्यात, एक बावीस वर्षांचा मराठी तरुण प्रत्यक्ष न्यूयॉर्कमध्ये जाऊन पोहोचला. त्याने तेथे काय वाचले, कोणाकडून ऐकले आणि ते घेऊन परतल्यावर मराठीत त्याचे काय केले, हा प्रस्तुत घटकाचा विषय आहे.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतून अभ्यासकेंद्रावर येणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांना बाबासाहेबांच्या आयुष्यातील ठळक प्रसंग वेगळे सांगण्याची गरज नसते. ते आपण घरीदारी ऐकलेले असतात. उत्तरपत्रिकांत मात्र एक वाक्य वर्षानुवर्षे आढळते. बाबासाहेबांवर पाश्चात्त्य विचारांचा प्रभाव होता, एवढे लिहून विद्यार्थी पुढच्या मुद्द्याकडे वळतात. कोणता पाश्चात्त्य विचार, तो कोणत्या वाटेने आला, त्यातले काय ठेवले आणि काय टाकले, याचा उल्लेख त्या उत्तरात नसतो. प्रभाव या शब्दाने घेणाऱ्याचे कर्तृत्व झाकले जाते. म्हणून या चरित्रात इतर अनेक महत्त्वाच्या घटना केवळ उल्लेखून आपण या एका धाग्याकडे अधिक लक्ष देणार आहोत.

जडणघडण

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक म्हणून काम केलेले होते. घरात कबीरपंथाचे वातावरण, भजने, अभंग आणि महाभारत-रामायणाचे वाचन असे. लष्करी नोकरीमुळे या कुटुंबात दोन गोष्टी आल्या, शिक्षणाची गोडी आणि इंग्रजीची ओळख. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सरकारने महारांची लष्करभरती बंद केली आणि ती वाटही मिटली. या बंद झालेल्या वाटेचा संबंध पुढे कोरेगावशी येणार आहे.

भीमराव लहान असतानाच आई भीमाबाई वारल्या. साताऱ्यास शाळेत असताना भावंडांसह वडिलांना भेटावयास निघालेल्या या मुलांना मसूर स्थानकावर उतरल्यानंतर जात कळताच कोणी गाडीवान बैलगाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे, असा तोडगा निघाला. रात्रभर पाणी मिळाले नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे आपल्या आत्मकथनपर टिपणांत नोंदवला आहे. त्यातील तपशिलाचा आपण बारकाईने विचार करावा. पैसा घेण्यास विटाळ आड आला नाही. एका गाडीत शेजारी बसण्यास मात्र आला.

मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले. त्या निमित्ताने कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. मराठीतील हे पुस्तक एका किशोरवयीन मुलाच्या हाती पडले नसते तर काय झाले असते, असा प्रश्न चरित्रकाराने विचारू नये. तरी तो मनात आल्यावाचून राहत नाही. केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे साहाय्य मिळाले आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातून भीमराव पदवीधर झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती.

कोलंबियातील तीन वर्षे

कोलंबिया विद्यापीठात आंबेडकर अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. परंतु त्यांनी नावनोंदणी केलेल्या अभ्यासक्रमांची यादी पाहिली म्हणजे त्यांची भूक लक्षात येते. अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन आणि शिवाय प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचा एकेक. भाषाशास्त्राचा अभ्यासक म्हणून मला या शेवटच्या दोन नोंदी महत्त्वाच्या वाटतात. त्या काळी अमेरिकेतील समाजशास्त्र हे अजून युरोपकडे पाहत उभे होते, आणि युरोपकडे पाहायचे तर या दोन भाषांवाचून गत्यंतर नव्हते.

त्यांच्या अध्यापकांकडे पाहा. अर्थशास्त्राचे एडविन सेलिग्मन हे बर्लिन आणि हायडेलबर्ग येथे शिकून आलेले. इतिहासाचा आर्थिक अन्वय लावणारे त्यांचे पुस्तक १९०२ साली निघाले होते. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचे तारुण्य हेगेलच्या प्रभावाखाली गेले होते आणि त्यातून बाहेर पडून त्यांनी अनुभव व प्रयोग यांवर उभा असलेला स्वतःचा विचार घडवला होता. मानववंशशास्त्राचा विभाग जर्मनीत जन्मलेल्या आणि तेथेच शिकलेल्या फ्रान्झ बोआस यांनी उभारलेला. त्यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांचा जन्म कीव्हचा. समाजशास्त्राचे फ्रँकलिन गिडिंग्ज हे अस्सल अमेरिकन. माणसे एकत्र येतात ती आपण एका प्रकारची आहोत या जाणिवेमुळे, हा त्यांचा सिद्धान्त प्रसिद्ध होता, आणि पुढे राष्ट्रभावनेची चर्चा करताना बाबासाहेबांनी तो वापरला. पण गिडिंग्ज यांचेही एक बोट युरोपकडेच होते. फ्रान्समधील गाब्रिएल तार्द या न्यायाधीशाने १८९० मध्ये अनुकरणाच्या नियमांवर एक ग्रंथ लिहिला होता. एल्सी क्लूज पार्सन्स या विदुषीने १९०३ साली त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्याला प्रस्तावना गिडिंग्ज यांनी लिहिली. फ्रेंच विचार अमेरिकन समाजशास्त्रात आला तो असा. तेथून तो एका मराठी विद्यार्थ्याच्या टेबलावर आला आणि त्याचा उपयोग अशा एका समाजासाठी झाला, ज्याचा विचार तार्दने केलेला नव्हता.

९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढील वर्षीच्या मे महिन्यात तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील युक्तिवाद आपण नीट समजून घेऊ, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे.

जात म्हणजे काय, याविषयी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या त्यांनी तपासल्या. यांपैकी केतकर हे आपले ज्ञानकोशकार. तेही अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात शिकले आणि जातिसंस्थेच्या इतिहासाचा त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये निघाला होता. दोघे मराठी विद्वान अमेरिकेच्या भूमीवर एकाच प्रश्नाशी भिडले, पण वेगवेगळ्या बाजूंनी. जातीचा विचार सुटा न करता व्यवस्थेच्या संदर्भात करण्याच्या केतकरांच्या पद्धतीला आंबेडकरांनी दाद दिली. मात्र जातीबाहेर विवाहास बंदी आणि जन्माने सदस्यत्व ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकच आहेत, असे दाखवून दिले. बाहेर लग्न करायचे नाही म्हटल्यावर बाहेरचा आत येणार कसा?

जातीचा गाभा बेटीबंदी हा आहे, असे ठरल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला : एखाद्या लहान गटाला बेटीबंदी टिकवायची असेल तर काय करावे लागेल? गटात विवाहयोग्य स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या जुळती असली पाहिजे. नवरा आधी मेला तर स्त्री शिल्लक राहते, बायको आधी मेली तर पुरुष शिल्लक राहतो. शिल्लक राहिलेल्या स्त्रीने गटाबाहेर लग्न केले तर कुंपण मोडते, आणि गटात पुन्हा केले तर दुसऱ्या कुमारिकेचा नवरा जातो. म्हणून तिला पतीबरोबर जाळायचे किंवा सक्तीचे वैधव्य लादायचे. पुरुषाला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे आणि गटाला हवा आहे. त्याला संन्यासी करणेही अवघड. तेव्हा त्याच्यासाठी अजून विवाहयोग्य न झालेल्या मुलींतून वधू आणायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या ज्या रूढींवर लोकहितवादींपासून आगरकरांपर्यंत आपले सुधारक एकेक करून तुटून पडले होते, त्या तिन्ही एकाच यंत्राची चाके आहेत, हे या निबंधाने दाखवले. स्त्रीचे दास्य आणि जात हे दोन प्रश्न नाहीत, ही गोष्ट इतक्या थंडपणे, जवळजवळ गणितासारखी, यापूर्वी मांडली गेल्याचे मला ठाऊक नाही.

मग एका गटाने केलेले कुंपण सर्व समाजात कसे पसरले? येथे तार्द मदतीस येतो. अनुकरण वरून खाली वाहते आणि जितके अंतर कमी तितके ते गाढ होते. पुरोहितवर्गाने आपले दार आतून लावून घेतले. जवळच्यांनी त्यांचे पाहून आपले लावले. काहींना मात्र इतरांची दारे लागल्यामुळेच आपण बाहेर उरलो आहोत असे आढळले, आणि तेही एक जात झाले. म्हणून एकटी जात असू शकत नाही, जाती नेहमी अनेकवचनीच असतात. या व्यवस्थेचा निर्माता मनू नव्हे, असेही त्यांनी येथे बजावले. एवढ्या मोठ्या समाजावर एका माणसाने कायदा करून जात लादली, हे त्यांना पटण्याजोगे नव्हते. मनूने आधीच असलेल्या रूढीला नियमांचे रूप दिले.

या निबंधात लेखकाच्या स्वतःच्या अनुभवाचा एक शब्द नाही. मसूरची बैलगाडी नाही, शाळेतले गोणपाट नाही. अस्पृश्यतेची स्वतंत्र चर्चाही नाही. हे संयमित समाजशास्त्र आहे. ते यंत्र उघडून दाखवते, ते मोडावे कसे हे सांगत नाही.

परतीची वाट

१९१६ च्या उत्तरार्धात ते लंडनला गेले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ च्या ऑगस्टमध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची ग्रंथसंपदा महायुद्धात पाणतीराच्या हल्ल्याने बुडाली. बडोद्यास नोकरीवर हजर होताना राहण्यास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव धारण करून काही दिवस काढले. ते उघडकीस येताच हातात काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात जिवलग मित्र झालेला नवल भथेना हाही पारशीच होता. त्या दिवशी कामाठीबागेत कित्येक तास बसून राहिलेल्या या उच्चविद्याविभूषित तरुणाला अनुकरणाचा नियम आणखी एका अंगाने कळला असला पाहिजे. हिंदूंची लागण त्यांच्या शेजारच्या धर्मांनाही झाली होती.

१९१८ मध्ये ते मुंबईस सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी दिलेल्या साक्षीत ड्यूईंचे वाचन स्पष्ट दिसते. जीवशास्त्रात पातळ पडद्यातून एका बाजूचा द्रव दुसऱ्या बाजूस झिरपतो, त्यावरून ड्यूईंनी समाजगटांतील मुक्त देवाणघेवाणीची कल्पना मांडली होती. भारतात स्पृश्य आणि अस्पृश्य यांच्यामध्ये अशी झिरपच होत नाही, म्हणून एकाने दुसऱ्याचे प्रतिनिधित्व करणे शक्य नाही, असा तिचा उपयोग आंबेडकरांनी केला. ड्यूईंच्या हातात ती शिक्षणविषयक कल्पना होती. येथे ती राजकीय हक्काचा पुरावा झाली.

मराठीतला अवतार

आता आपल्या अभ्यासक्रमाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा टप्पा येतो, आणि नेमका तोच वाङ्मयेतिहासांत दोन ओळींत उरकला जातो. ३१ जानेवारी १९२० रोजी छत्रपती शाहू महाराजांच्या साहाय्याने ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. त्याच्या शिरोभागी तुकारामांचा अभंग होता. पुढे १९२७ मध्ये निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या आल्या. कोलंबियाचा पदवीधर मराठीत लिहू लागला तेव्हा त्याने आधार घेतला तो या दोघांचा.

‘मूकनायक’च्या पहिल्या अग्रलेखात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली आहे. मनोऱ्याला अनेक मजले आहेत, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यास शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्म झाला तेथेच मरण यायचे. आता १९१६ चा निबंध आठवा. तेथे दारे लावून घेतलेला वर्ग होता, येथे जिना नसलेला मनोरा आहे. कल्पना एकच आहे का? बरीचशी, पण पूर्ण नाही. दार ही आडवी प्रतिमा आहे. तिच्यात आत आणि बाहेर असते, वर आणि खाली नसते. मराठी वाचकापुढे येताच विचाराला उंची आली, कोण कोणाच्या डोक्यावर आहे हे दिसू लागले. पुढे इंग्रजी लेखनात क्रमशः उतरत जाणाऱ्या विषमतेचा जो सिद्धान्त बाबासाहेबांनी मांडला, त्याचे बीज मला या मराठी प्रतिमेत दिसते. एखादा विचार दुसऱ्या भाषेत नेताना तो जसाच्या तसा पोहोचत नाही, हे आपण भाषांतराच्या घटकात शिकलो. येथे तो अधिक धारदार होऊन पोहोचला.

केतकरांनी समाजशास्त्र मराठीत आणले ते परिभाषा, ज्ञानकोश आणि पुढे कादंबऱ्या यांच्या मार्गाने. तो मार्गही थोर आहे. परंतु ज्ञानकोश विकत घेऊ शकणारा वाचक आणि चावडीवर कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवलेला ‘बहिष्कृत भारत’ ऐकणारा श्रोता, हे दोन वेगळे समाज होते. दुसऱ्या समाजासाठी लिहिताना आंबेडकरांनी जड पारिभाषिक शब्द क्वचित घडवले. सनद, वतन, विटाळ, जोहार हे रोजचे शब्द त्यांनी उलटून त्यांच्या आतले अस्तर दाखवले.

मधल्या काळात, १९२० ते १९२३, ते पुन्हा लंडनला जाऊन उच्च पदव्या आणि बॅरिस्टरी घेऊन आले. १९२२ मध्ये जर्मनीत बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव घातले होते. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली.

कोरेगाव आणि महाड

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब भीमेच्या काठी आले. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी इंग्रजांच्या पलटणीची पेशव्यांच्या सैन्याशी लढाई झाली होती. तिच्या स्मरणार्थ नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीत उभारलेल्या स्तंभावर कामी आलेल्या महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे, ज्यांनी १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र काढले होते, ते येथे सभा भरवत आले होते. ज्या सरकारसाठी ही माणसे लढली त्याच सरकारने पुढे त्यांच्या जातीला भरतीतून वगळले, ही वेदना त्या सभांच्या मुळाशी होती. त्या भेटीचे आजवर अनेक अर्थ लावले गेले आहेत. आपल्या विषयापुरते एवढे पाहावे की, चर्चासत्रात जातीची उत्पत्ती सांगणारा अभ्यासक येथे दगडावर कोरलेल्या नावांसमोर, त्या नावांच्या वारसांसमवेत उभा होता. उत्पत्तीचा प्रश्न मागे पडून स्मृती कोणाची आणि ती कोणी सांगायची, हा प्रश्न पुढे आला होता.

याच भीमेच्या खोऱ्यातील, म्हणजे आपल्या शिरूर-दौंडच्या गावगाड्यात महार वतन कसे चाले, हे आपल्यापैकी काहींनी आजोबा-आजींकडून ऐकले असेल. रात्री-अपरात्री सरकारी टपाल पोहोचवायचे, मेलेले गुरे ओढायचे, सरकारी पाहुण्यांची सरबराई करायची आणि मोबदल्यात तुटपुंजी जमीन व दारोदार मागून आणलेले बलुते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी या वतनासंबंधी १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. पुढे ते मागे घ्यावे लागले. वतन हा मान आहे असे समजणाऱ्या आपल्याच माणसांना ते बेडी आहे हे पटवून देण्यासाठी त्यांना अधिक श्रम पडले. अनुकरण वरून खाली वाहते हा तार्दचा नियम येथे लागू पडत नाही. खालच्याला वरचा बनता येत नसतानाही तो आपल्या पायरीला का चिकटून राहतो, याचे उत्तर वेगळे शोधावे लागत होते.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी प्राशन केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथेच दुसरी परिषद भरली. अध्यक्षीय भाषणात त्यांनी या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेशी केली. आता युरोप हा केवळ सिद्धान्तांचे भांडार राहिला नव्हता; गावोगावहून, कोणी पायी चालत, आलेल्या श्रोत्यांना आपण जगाच्या इतिहासातील कोणत्या प्रसंगात उभे आहोत हे सांगण्याची ती भाषा झाली होती. त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

येथे अभ्यासू विद्यार्थ्याने अडखळले पाहिजे. १९१६ मध्ये मनू हा जातीचा निर्माता नव्हे असे सांगणाऱ्या आंबेडकरांच्या परिषदेने १९२७ मध्ये मनूचा ग्रंथ का जाळावा? हा विरोधाभास आहे असे काही जण मानतात. मला तसे वाटत नाही. एखादी गोष्ट कोणी सुरू केली हा एक प्रश्न आणि ती आज कोणाच्या नावाने चालू ठेवली जाते हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात मिळते. दुसऱ्याचे उत्तर तळ्यावर लाठ्या खाल्लेल्यांना पुस्तक उघडल्याशिवाय मिळाले होते.

लाहोरचे न झालेले भाषण

पुढील वर्षे अतिशय वेगाची आहेत : काळाराम मंदिराचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, सप्टेंबर १९३२ चा पुणे करार, ऑक्टोबर १९३५ मधील येवल्याची घोषणा. यांचा तपशील इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात आहे. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांना वार्षिक अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून बोलावले. आगाऊ पाहिलेल्या भाषणातील काही भाग मंडळाला पचेना. एक स्वल्पविरामही बदलणार नाही अशी भूमिका बाबासाहेबांनी घेतली, अधिवेशन रद्द झाले आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने पंधराशे प्रतींत छापले. मराठीत ते ‘जातिभेद निर्मूलन’ या आणि अशा नावांनी ओळखले जाते.

या भाषणात ड्यूई पानोपानी भेटतो. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, ही ड्यूईंची धारणा त्यांनी आपली म्हणून वापरली आणि आपण या गुरूचे किती ऋणी आहोत हेही सांगितले. मात्र ड्यूई ज्या समाजाविषयी बोलत होते तेथे एकत्र जगणे अपुरे होते. येथे ते निषिद्ध होते. जात म्हणजे कामांची वाटणी, हा तिचा जुना बचाव त्यांनी खोडून काढला : येथे कामे करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली जातात. उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला, तो १९१६ च्या सूत्राला धरून आहे. बेटीबंदी हा गाभा, तर ती मोडणे हा उपाय. परंतु लगेच पुढचा प्रश्न येतो. लोक असे विवाह का करत नाहीत? ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे, धार्मिक आहेत म्हणून. तेव्हा हात घालायचा तो शास्त्रांच्या प्रामाण्याला. तार्दचा अनुकरणाचा सिद्धान्त येथे मागे पडतो. अनुकरणामुळे जात पसरली हे खरे धरले, तरी ती टिकली ती श्रद्धेमुळे.

आपल्या लेखनातील हे अंतर बाबासाहेबांना जाणवत होते. या भाषणाच्या १९४४ च्या आवृत्तीच्या वेळी, १९१६ चा निबंध त्यात मिसळून संपूर्ण पुनर्लेखन करण्याचा आपला इरादा होता, पण सवड मिळाली नाही, असे त्यांनी नमूद केले. ते पुनर्लेखन झाले असते तर कदाचित दोन्हींमधला सांधा गुळगुळीत झाला असता. झाले नाही हे अभ्यासकाच्या दृष्टीने बरेच झाले, असे मी स्वार्थाने म्हणतो.

येथे एका योगायोगाची नोंद करतो. जर्मनीतील फ्रँकफुर्टची समाजसंशोधन संस्था १९३३ मध्ये नाझींनी बंद पाडली आणि तिचे संचालक माक्स होर्कहायमर आपल्या सहकाऱ्यांसह अमेरिकेत आले. १९३४ मध्ये त्यांना आश्रय दिला तो कोलंबिया विद्यापीठानेच. तीन वर्षांनी होर्कहायमर यांनी एका निबंधात सिद्धान्ताचे दोन प्रकार वेगळे केले : एक, आहे त्या समाजाचे वर्णन व स्पष्टीकरण करणारा, दुसरा, माणसाला दास्यातून सोडवण्याच्या हेतूने आहे त्याची चिकित्सा करणारा. या दुसऱ्या प्रकाराला समीक्षात्मक सिद्धान्त असे नाव मिळाले. हुकूमशाही वृत्तीच्या माणसावरील १९५० च्या अभ्यासग्रंथातून आणि इतर लेखनातून त्याने अमेरिकन समाजशास्त्राला आपल्याच समाजाकडे संशयाने पाहण्यास शिकवले. आकड्यांत रमलेल्या समाजशास्त्रावर पुढे सी. राइट मिल्स यांनी टीका केली तीही कोलंबियातूनच. आंबेडकर तेथून निघून अठरा वर्षे झाल्यावर हे निर्वासित विद्वान तेथे आले. १९१६ चा निबंध आणि १९३६ चे भाषण शेजारी ठेवून पाहा. होर्कहायमर यांनी केलेला भेद एकाच माणसाच्या वीस वर्षांच्या वाटचालीत, त्यांच्या निबंधाच्या एक वर्ष आधी, घडून गेलेला दिसेल. दोघांनाही हाकलले जाण्याचा अनुभव होता. एकाला देशाबाहेर, दुसऱ्याला धर्मशाळेबाहेर.

अखेरची वर्षे

१९४६ साली शूद्रांच्या उगमावरील ग्रंथ बाबासाहेबांनी जोतीराव फुले यांच्या स्मृतीस अर्पण केला. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद, कायदेमंत्रिपद, हिंदू संहिता विधेयक आणि त्या प्रश्नावरून १९५१ मध्ये दिलेला राजीनामा हे सर्वपरिचित आहे. हिंदू संहिता विधेयकात वारसा, विवाह आणि घटस्फोट यांच्या तरतुदींवर ते इतके अडून का बसले, हे मात्र न्यूयॉर्कमधला निबंध वाचल्याशिवाय पुरते कळत नाही. स्त्रीच्या विवाहावरील बंधन हाच ज्या यंत्राचा आस आहे, ते यंत्र कायद्याने उघडण्याचा तो प्रयत्न होता.

जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. ती स्वीकारण्यासाठी ते न्यूयॉर्कला गेले. ड्यूईंना भेटण्याची त्यांना ओढ होती. ड्यूई तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते आणि बाबासाहेब प्रवासात असतानाच त्यांचे निधन झाले. आपल्या साऱ्या बौद्धिक जीवनाचे श्रेय त्यांनी पत्नीला लिहिलेल्या पत्रात या गुरूला दिले आहे. या चरित्रात आपण जे पाहिले त्यावरून हे श्रेय जरा अधिक उदारपणे दिले गेले, असे मला वाटते. कृतज्ञ शिष्य असेच लिहितात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. महिनाभराने, प्रकृती अतिशय ढासळलेली असताना, ते काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेस गेले आणि तेथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना करणारे भाषण त्यांनी केले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला.